सांडलेल्या लेंड्या

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मेंढी-संशोधन केंद्रात माझेच वरिष्ठ. मेंढ्यांच्या वासानं त्यांना मळमळतं! पिंजऱ्यांकडे कधी फिरकले नाहीत, पण माझं काम मात्र अख्खं गिळून ढेकर दिला.

काम सोपं नव्हतं हो. मेंढीच्या पोटातल्या चांगल्या जंतूंना पोसणारी एक भुकटी असते, प्रीबायोटिक म्हणतात तिला. ती खाद्यात मिसळली तर चारा जास्त पचतो का, हे मला बघायचं होतं. मेंढी पिंजऱ्यात ठेवायची, मागे पट्ट्यांनी पिशवी बांधायची. खाल्लेलं तोलायचं, पिशवीतल्या लेंड्या तोलायच्या. मधला फरक म्हणजे पचलेलं.

पहिल्या खेपेला भुकटीवाल्या मेंढ्यांच्या पट्ट्या सैल राहिल्या. अर्ध्या लेंड्या पिंजऱ्याच्या तळातल्या फटींतून खाली, तिथून पाण्याच्या झोतानं थेट गटारात. कागदावर पचन असं काही फुगलं की विचारू नका! मी कपाळावर हात मारला, ते आकडे बाजूला टाकले, पट्ट्या आवळल्या आणि सगळं पुन्हा केलं. फरक थोडाच आला, पण खरा आला. त्याच्या जोरावर मला विभागप्रमुखाची जागा मिळणार होती; भाऊजींचाही डोळा तिच्यावरच.

आईच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर गेले, तेवढ्यात भाऊजींनी माझ्या कॉम्प्युटरमधले आकडे उचलून स्वतःच्या नावावर संचालकांकडे पाठवले. आणि उचलले कुठले? पहिल्या खेपेचे! जास्त गोंडस दिसत होते ना.

जाब विचारला तर हसले. "अगं, घरातल्या घरात काय तुझं-माझं?"

ताई म्हणाली, "जाऊ दे गं. मोठे आहेत ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आकडे चुकलेत हे तिथेच सांगता आलं असतं. पण बंद खोलीत सांगून माझं पोट भरणार नव्हतं. मी तोंडाला कुलूप लावलं आणि वार्षिक सभेची वाट बघितली.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत ताई, नवऱ्याचं कौतुक बघायला आलेली. भाऊजींचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि मी उठले. मुद्दाम 'सर' म्हटलं नाही.

"भाऊजी, पिंजऱ्याखाली सांडलेल्या लेंड्या धरल्यात का हो?"

"खालच्या कशाला धरायच्या?" ते ऐटीत म्हणाले. "पिशवीतल्या तेवढ्या तोलायच्या."

"त्या खेपेला पट्ट्या सैल होत्या. अर्धा माल गटारात गेलाय."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं सभागृह हसायला लागलं.

"म्हणजे गटारात गेलेलं तुम्ही पचलेलं धरलंत?" संचालकांनी विचारलं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. काय सांगू, मला इतका आनंद झाला!

मी माझे दुसऱ्या खेपेचे कागद पुढे केले. संचालकांनी हातसुद्धा लावला नाही. "तुम्ही एकाच घरातले. आता कोणाचे आकडे खरे मानू? ही भुकटी बंद. आणि विभागप्रमुख बाहेरून आणू."

बाहेरच्या पॅसेजमध्ये भाऊजींनी मला गाठलं. "झालं समाधान? तुझीही जागा गेली."

"गेली," मी म्हटलं. "पण तुमचं तोंड काळं झालेलं मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दाखवलं."

ताई त्यांच्या मागेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, भाऊजींचा हात धरला आणि निघून गेली.