प्रसूतिगृहापुढची सतरंजी

मी एक सतरंजी बोलतेय. टेका जरा माझ्यावर, उभ्याने कुठे गोष्ट ऐकतात?

तुम्हा माणसांत एक वाक्य फार चालतं : 'आयुष्यभर नुसत्या सतरंज्या उचलल्या.' सभांसाठी राबून ज्याच्या हाती काही लागलं नाही, तो हे वैतागून म्हणतो. मला मात्र हसू येतं. मला जिने सगळं आयुष्य उचललं, तिच्या हाती काय लागलं, ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म हातमागावरचा. विटकरी आणि निळे पट्टे, घट्ट वीण. एका बापाने लेकीच्या लग्नात मला दिलं आणि तिच्याबरोबर मी तिच्या सासरी आले. नवरा कुलूप-किल्लीवाला, चौकात त्याची टपरी. सासूबाईंनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घर उभं केलेलं. इस्त्री गरम आणि जीभ त्याहून गरम. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि मला थेट कपाटात ठेवलं. पाहुणे आले की काढायची, असा हुकूम झाला. पण येणारा एकही पाहुणा त्यांना माझ्या तोलाचा वाटेना, म्हणून मी आपली आतच.

सून बालवाडीत शिकवायची. मुलांना घ्यायला आलेल्या बाया फाटकाशी उभ्या राहून एकमेकींना आपली रड सांगायच्या आणि निघून जायच्या. उभ्याने सांगितलेलं दुःख तसंच घरी परत जातं, असं तिचं मत. तिने मला कपाटातून काढलं आणि बालवाडीच्या अंगणात अंथरलं. बाया बसल्या. बसल्या म्हणून बोलल्या, बोलल्या म्हणून भांडल्या आणि भांडता भांडता एकदा सगळ्या मिळून पाणीखात्यात जाऊन नळ घेऊन आल्या. तेव्हापासून वस्ती तिला 'ताई' म्हणू लागली.

घरात मात्र महाभारत. सासूबाईंनी स्पष्ट विचारलं, "लोकांच्या पायांची धूळ झाडायला सून आणली का मी?"  ताईने मला झटकलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये, अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

मग वस्तीच्या टोकाचं सरकारी प्रसूतिगृह बंद झालं. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली, दाराला कुलूप लागलं, दुरुस्ती काही आली नाही. ज्या बाईला कळा येतील तिने नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जायचं. शेजारची धुणंवाली तशीच निघाली. गाडी मिळेना, म्हणून तिला हातगाडीवर नेलं. पुलावरच ती बाळंत झाली. ती वाचली, बाळ गेलं.

काही दिवसांनी ती येऊन माझ्यावर बसली.  तिच्या छातीशी दुधाची ओल फुटत होती आणि धुणंवाली ती ओढणीने झाकत होती. इस्त्रीचे कपडे पोचवायला निघालेल्या सासूबाईंनी फाटकातून ते पाहिलं. गाठोडं खाली ठेवून त्या आत आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या, तिला अगदी चिकटून.  उठताना सुनेला म्हणाल्या, "उद्या कुठे अंथरणार आहेस ही?"

ताईने मला प्रसूतिगृहाच्या दारापुढे अंथरलं. धरणं सुरू झालं.

पहिल्याच दिवशी नवऱ्याने दाराचं कुलूप न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "अगं, हे तर चुटकीसरशी उघडेल."

"चोरून उघडलेलं दार उद्या पुन्हा लागेल," ताई म्हणाली. "ज्यांनी लावलंय, त्यांच्याच तोंडून 'उघडा' यायला हवं."

त्याने हत्यारं पिशवीत टाकली, पण रोज कुलपाकडे बघून त्याचे हात शिवशिवायचे.

ऊन आलं, धूळ आली, मी विटत गेले. बाया पाळीपाळीने बसत होत्या, पण संख्या रोडावली. कामं कुणाला सुटतात? काही दिवस तर ताई आणि सासूबाई दोघीच. जाणारे-येणारे हसायचे. शेवटी आरोग्यखात्याचे साहेब येऊन दुरूनच म्हणाले, की या इमारतीची आता गरजच उरलेली नाही, इथे येतं कोण?

 त्या संध्याकाळी ताई घरोघर फिरली. निरोप एकच : ज्यांचा जन्म या इमारतीत झाला, त्यांनी उद्या येऊन बसावं. बाकी काही नको.

सकाळी एक बसचालक आला, मग एक शिक्षिका, मग केस कापणारा, मग त्याचं अर्धवट कापलेलं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं अबोला धरलेले जुळे भाऊ आले; माझ्या दोन टोकांना बसले, पण बसले. माणसं येतच राहिली.

गर्दी हटवायला हवालदार पाठवला. त्याच्या मागोमाग त्याची म्हातारी आई काठी टेकत आली.

"हा इथलाच," तिने सगळ्यांना सांगितलं. "पायाळू होता. आतल्या बाईंनी जिवाचं रान करून सोडवला. आता माणसं उठवायला आलाय."

हवालदाराने टोपी काढली आणि बसून घेतलं.

मी एवढीशी, किती जणांना पुरणार? तेव्हा लोकांनी घरून चटया आणल्या, चादरी आणल्या, कुणी पोती फाडून आणली. कडेला कड जुळवत आम्ही पायऱ्यांपासून थेट हमरस्त्यापर्यंत गेलो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ताईने पाय पाहून अंथरूण वाढवलं! माझी वीण तेव्हा अभिमानाने ताठ झाली होती, हे आज सांगायला लाज कसली?

दुपारी साहेब पुन्हा आले. ताईला म्हणाले, तुम्ही एकट्या कचेरीत चला, आपण शांतपणे बोलू. ताई सरकून बसली. "साहेब, जागा आहे. इथेच बोलू."

साहेब अवघडून बसले. त्यांच्या एका बाजूला धुणंवाली होती, दुसऱ्या बाजूला सासूबाई. धुणंवालीने पुलावर काय झालं ते सांगितलं, आवाज न चढवता. साहेबांनी बूट काढले. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. मग ते उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठवड्याच्या आत डॉक्टर आणि परिचारिका इथे हजर होतील. दार आत्ता उघडा."

किल्ली आणली, तर ती फिरेना. कुलूप आतून गंजलेलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. सासूबाईंनी लेकाला कोपराने ढोसलं. "जा बाबा. आता कर तुझं काम."

त्याने तेलाचे थेंब सोडले, कान लावला, तार फिरवली. कुलूप सुटलं. आधी धुणंवाली आत गेली आणि तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग जो जल्लोष झाला! जुळे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि कोण आधी जन्मला यावरून तिथेच पुन्हा भांडले.

डॉक्टर शब्दाप्रमाणे आले. सासूबाई पुढे काही वर्षांनी वारल्या. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माझी सून' म्हणून ताईची ओळख करून देत होत्या. ताईचे केस पांढरे झाले आहेत. सध्या ती टेकडीवरच्या वस्तीसाठी बस मागतेय आणि मिळवेलच, मला शंका नाही. तिथे दुसरी सतरंजी जाते, ताज्या दमाची.

मी इथेच असते, प्रसूतिगृहाच्या ओसरीवर. माझे काठ उसवलेत, निळा कुठला आणि विटकरी कुठला ते ओळखू येत नाही. आत बाई असते आणि माझ्यावर तिचं माणूस बसतं : बाप, नवरा, बहीण, कुणीही. नखं खातं, माझे दोरे उपसतं. मी काही म्हणत नाही. तुम्हीही आलात तर खुशाल उपसा. एकच मागणं आहे, जपायची म्हणून मला कपाटात ठेवू नका.

आतून पहिलं रडणं ऐकू येतं आणि बसलेलं माणूस सगळं टाकून धावत सुटतं. त्याची ऊब तेवढी माझ्यावर राहते. ती निवायच्या आत दुसरं कुणीतरी येऊन बसलेलं असतं.