कोटामागचा चिमटा

मी एक जुना लाकडी चिमटा आहे, मित्रांनो. तुमच्या गॅलरीत मोजे धरणारे ते रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे माझे भाचे-पुतणे. एका उन्हाळ्यात मोडतात, पण ऐट किती!

माझी उमेदीची वर्षं कल्याणात अण्णांच्या फोटो स्टुडिओत गेली. काळोख्या खोलीत ओले फोटो दोरीवर धरायचे, हे माझं काम. दुसरं काम गुपचूप चालायचं. स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट असे. फोटोला आलेला जो तो तो कोट चढवून साहेब व्हायचा. कोट अण्णांच्या मापाचा, म्हणजे ऐसपैस. मग अण्णा पाठीमागे कापडाच्या चुण्या घालून मला लावायचे. पुढून रुबाब, मागून मी! तारीफ व्हायची फोटोची. माझं नाव कोण काढतो?

मोबाइल आले, स्टुडिओ मिटला. शेजारच्या सुमतीबाईंच्या गॅलरीत मी पायपुसणी धरू लागलो. उन्हापावसात काळा पडलो, स्प्रिंग ढिली झाली.

गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या चाळींत पाणी शिरलं. चिखलातून निघालेले फोटो डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आले. सुमतीबाई, त्यांची भाची कादंबरी आणि आणखी काही मंडळी ते हलक्या हाताने धुऊन वाळवत आणि ज्याचे त्याला परत देत. सुमतीबाईंनी घरचे चिमटेही नेले. दोरीवर पुन्हा मी! अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

पण शिकलेली माणसं ती. एकच कोट इतक्या फोटोंत दिसल्यावर कादंबरी म्हणाली, "मावशी, हे सगळे एकाच घरातले गं. खानदानी दिसतात!" झाला गठ्ठा बांधून. मी ओरडणार कसा? माझ्या तोंडात फोटो होता.

एका सकाळी गंगुबाई आल्या. नवरा धाकू जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि त्याचा फोटो एकच, तोही पुरात गेलेला.

"आजी, आजोबा कपडे कसले घालायचे?" कादंबरीने विचारलं.

"सदरा-लेंगा. कोटबीट नाय गो, आमचे हे साधे."

तिने त्यांना सदरेवाल्यांच्या टेबलाशी बसवलं. गंगुबाईंनी एकेक फोटो डोळ्यांशी नेला. शेवटी म्हणाल्या, "नातू विचारतो, आजोबा कसे दिसायचे. काय सांगू? माझ्याच डोळ्यांपुढून त्यांचं तोंड पुसत चाललंय." आणि चपला घालायला उठल्या.

धाकू कुठे होता? माझ्याच तोंडात लटकत होता, कोट घालून!

धरलेलं सोडायचं नाही, हा आम्हा चिमट्यांचा धर्म. त्या क्षणी मी सोडलं. स्प्रिंग ढिली होती म्हणा हवं तर. फोटो भिरभिरत गंगुबाईंच्या पायाशी आला.

"अगो बाय! हे काय आमचे हे!"

"पण आजी, हे तर कोटवाले..."

"कोट इष्टुडिओचा गो! मागून चिमटा लावलेला. मला म्हणाले, हसवू नको, नायतर सुटेल."

कादंबरीने कपाळावर हात मारला. गठ्ठा सुटला. प्रत्येक कोटात वेगळा माणूस, वेगळं घर.

"खानदानी हो!" सुमतीबाई म्हणाल्या, आणि गंगुबाई हसता हसता रडल्या.

मित्रांनो, घरातले जुने फोटो घेऊन आजीजवळ बसा. हे कोण, तो कोट कुणाचा, फोटो काढताना समोर उभं राहून हसवत कोण होतं, सगळं विचारा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा.

मला गंगुबाई मागून घेऊन गेल्या. आता त्यांच्या घरी उंच खिळ्यावर मी धाकूला धरून असतो.

"आजी, आजोबा रागावलेत?" नातू विचारतो.

"नाय रे. दम धरून उभे आहेत, चिमटा सुटेल म्हणून."