टेलरकाकूंची सतरा हजार पावलं

टेलरकाकूंचं वजन वाढलंय हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. काकूंना ते सांगितलं त्यांच्याच टेपनं. दुसऱ्यांच्या कमरा मापण्यात जन्म गेला आणि एक दिवस स्वतःची मापली, तर बाई मटकन खालीच बसल्या.

परगावी दिलेली लेकही अंगानं आईवरच गेलेली. तिनं दोघींसाठी पावलं मोजणारे पट्टे आणले. "आई, बाहेर नको जाऊस. घरातल्या घरात चालायचं, रोज दहा हजार पावलं. तुझा आकडा मला फोनवर दिसेल, माझा तुला."

पहिल्या दिवशी काकू कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालून चारशेवर थांबल्या. धाप लागली, गुडघे कुरकुरायला लागले. दुसऱ्या दिवशी पाचशे. तिसऱ्या दिवशी शिवताना मनगटावरचा पट्टा कापडात अडकायला लागला, म्हणून त्यांनी तो घोट्याला बांधला. मशीन पायाचं. दिवसभर पाय खालीवर, खालीवर. संध्याकाळी बघतात तर काय, अकरा हजार! अहो, बाई खुर्चीवरून उठल्या होत्या त्या फक्त चहापुरत्या.

लगेच लेकीचा फोन. "आई गं, कमाल केलीस! गुडघे दुखतात म्हणून रडणारी तू!"

तेव्हाच हसून सांगून टाकायचं की नाही? पण लेकीनं असं तोंडभरून कौतुक कधी केलं होतं? काकू म्हणाल्या, "मनावर घेतलं की होतं सगळं." झालं! चढल्या हरभऱ्याच्या झाडावर, आता उतरतंय कोण? शाळेच्या गणवेशांचं काम आलं तसा आकडा सतरा हजारांवर गेला. कंबर होती तिथंच. वर लेकीला उपदेश, "तू आळशी आहेस गं. जरा जोर लाव."

महिन्याभरानं जावयाचा फोन आला. लेक घरातच चालता चालता चक्कर येऊन पडली होती.

काकू मिळेल त्या गाडीनं गेल्या. लेक पलंगावर, कपाळाला टाके, ओठ कोरडे. जावई हळूच म्हणाला, "आठवडाभर रात्रीचं जेवण बंद होतं हिचं. तुमचा आकडा बघितला की पुन्हा उठून चालायला लागायची. आईला या वयात जमतं, मला का नाही, म्हणायची."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावई पाणी आणायला गेला, तशा त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"बाळा, मी चालत नव्हते गं."

"म्हणजे?"

"पट्टा पायाला बांधून मशीन चालवत होते."

लेक बघतच राहिली. "रोज?"

"तिसऱ्या दिवसापासून रोज." काकूंची मान वर होईना. "तू कौतुक केलंस ना, मग सांगवेना. लाज वाटली. मग रोज जास्तच वाटायला लागली. बोल मला काय बोलायचं ते."

लेकीनं खूप सुनावावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण ती चिडली नाही. चादरीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"रोज आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते, आई," ती म्हणाली. "मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे."