मामाचं घरगुती हत्यार

मामाच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं: वस्तू दुकानात नेणारी आणि वस्तू उघडून बघणारी. पहिल्या प्रकाराची त्याला कीव यायची. बहिणीकडे तो सुट्टीला यायचा तेव्हा कपड्यांची पिशवी लहान आणि हत्यारांची मोठी. दारातच विचारायचा, "ताई, काय बिघडलंय?" काही बिघडलं नसेल तर त्याचा चेहरा असा पडायचा, की ताई एखादं कपाट करकरतंय म्हणून तरी सांगायची.

या खेपेला मात्र खरंच काम होतं. भाची डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीत उतरणार होती आणि तिच्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकातलं बेअरिंग झिजलं होतं. नवं आणलं, पण ते चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये दाबून बसवायला खास प्रेस लागतो.

"दुकानात देऊ का?" भाऊजींनी विचारून पाहिलं.

"दुकानात? हातोडी मारतील हो, हातोडी! पोरीचा हब आहे, खलबत्ता नाही."

मग मामानं प्रेस घरीच बनवला. आटे पाडलेली लांब सळई, दोन टोकांना नट आणि बेअरिंगवर टेकायला एक गोल चकती. चकतीला मोडक्या टेबलफॅनच्या बुडातलं लोखंड कामी आलं. ते कानशीनं घासताना मामा शीळ घालत होता. भाचीनं सळई धरली, मामानं पाना फिरवला, आणि बेअरिंग सरकत सरकत टक् करून आत बसलं. ताई म्हणाली, "अगं बाई!" भाऊजींनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. मामाच्या खाती तो दिवस ठळक अक्षरांत जमा झाला आणि तो आपल्या घरी परतला. शर्यतीच्या आदल्या दिवशी भाचीचा फोनही आला, "मामा, चाक लोण्यासारखं फिरतंय."

शर्यतीच्या सकाळी मामा डोंगरमाथ्यावर हजर. खांद्याला पिशवी, पिशवीत प्रेस. शर्यतीत प्रेसचं काय काम, असं विचारू नये. लग्नात लोक दागिने घालतात ते काय थंडी वाजते म्हणून?

गिऱ्हाईक लगेच मिळालं. दुसऱ्या एका स्पर्धकाचे वडील, चष्मेवाले आणि बिचारे रिकामे.

"हे घरी केलंय तुम्ही?"

"घरी! आता बघा, बेअरिंगला दोन कड्या असतात. बाहेरची आणि आतली, मध्ये छर्रे. हबमध्ये दाबायचं ते नेहमी बाहेरच्या कडीवर. आतलीवर जोर दिला की तो छर्ऱ्यांवर येतो. मग बेअरिंग बसता बसताच मेलं म्हणून समजा. अर्धी दुनिया इथंच चुकते."

असं म्हणत त्यानं चकती उन्हात धरली. लोखंडावर दाबाचा गोल वळ उमटला होता. वळ फार लहान होता. मामानं त्यावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथंच थांबलं. शिळेच्या नादात चकती जास्तच घासली गेली होती. ती बाहेरच्या कडीपर्यंत पोचलीच नव्हती. सगळा जोर आतल्या कडीवर गेला होता.

"बरं, पुढे?" चष्मेवाले म्हणाले.

"पुढे काही नाही," म्हणत मामानं प्रेस पिशवीत कोंबला.

समोर दगडाधोंड्यांचा उतार होता आणि नंबर पुकारले जात होते. मामाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भाचीकडे जाता जाता त्यानं सबबी लावून पाहिल्या. बेअरिंगच खराब निघालं म्हणावं. नाहीतर हब आधीपासून वाकडा होता म्हणावं. तेवढ्यात भाचीनं हेल्मेटच्या आतून हसून हात हलवला, आणि सबब घशातच राहिली.

"थांब! उतरू नकोस. चाक मी चुकीचं बसवलंय. मीच. आतल्या कडीवर दाबलंय. उतारावर अडकलं तर..."

आवाज नको तेवढा मोठा झाला होता. रांगेतली पोरं वळून बघू लागली. चष्मेवालेही.

भाचीनं ताईकडे पाहिलं. ताईनं भाऊजींकडे. भाऊजींनी समोरच्या डोंगराकडे.

"मामा, ते बदललंय. तू गेल्यावर खरखर यायला लागली, म्हणून दुकानातून नवं बसवून आणलं."

"अगं, मग फोनवर म्हणालीस ना, लोण्यासारखं फिरतंय?"

"फिरतंयच की. आता."

मामाला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. पिशवीचा पट्टा सावरत त्यानं ताईला हळूच विचारलं, "आणि बेसिनचा नळ?"

"जाऊ दे ना रे आता."

"ताई, नळ?"

"तू कोपऱ्यावरून वळलास की प्लंबर यायचा."

"मिक्सर?"

"ह्यांनी नवा आणला. तसाच दिसणारा."

"कपाटाचं दार?"

"ते तुमचंच आहे हो!" भाऊजींना एकदम हुरूप आला. "तुम्ही बसवलंत तसंच्या तसं. आम्ही ते उघडत नाही."

चष्मेवाल्यांना खोकला आला आणि ते तो घेऊन लांब गेले.

इतक्या वर्षांची 'वा वा' मामाच्या खाती जमा होती, ती उभ्या उभ्या नावे पडली. चिडावं तर कोणी फसवलंही नव्हतं. आजारी पोराला जपावं तसं सगळ्यांनी मिळून जपलं होतं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"एकदा सांगायचंत मला."

"दर वेळी ठरवायचो," ताई म्हणाली. "पण तू दारातच विचारायचास ना, काय बिघडलंय म्हणून."

भाचीचा नंबर पुकारला. तिनं खिशातून पाना काढून पुढे केला. "मामा, सीट जरा सैल वाटतेय. आवळून दे."

मामाचा हात मागे गेला. "दुसऱ्या कोणाला तरी सांग, बाळा."

"तूच दे. मी धरते."

आणि तिनं सीट धरली, सळई धरली होती तशीच. मामानं बोल्ट आवळला. पुन्हा आवळला. "बघ बरं बसून."

"एकदम घट्ट!" म्हणत ती निघाली.

सुरुवातीच्या रेषेशी पोचल्यावर भाची बुटाची नाडी बघितल्यासारखं करत वाकली आणि सीटला हळूच एक हिसका देऊन पाहिला. मामानं चटकन मान फिरवली. आपण पाहिलं हे तिला कळायला नको होतं.