कुणाला कळवू?

“काय भावांनो, सगळं चिल ना?” असं माइकवर म्हणून ड्रायव्हर थांबला. सभागृहात जे हसू फुटलं ते आवरेना. मागच्या रांगांमधून त्याच्याच आवाजात “चिल ना, भावांनो” परत आलं.

लेकीने आधीच बजावलं होतं. ती याच शाळेत दहावीला. अपघातांविषयी बोलायला शाळेने अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला, म्हणजे नेमकं तिच्याच बापाला बोलावलं, तेव्हापासून ती धड जेवली नव्हती. आम्हा पोरांसारखं बोलायला जाऊ नकोस आणि मला ओळख दाखवू नकोस, एवढंच तिचं मागणं होतं. पण हा पठ्ठ्या आठवडाभर तिच्या फोनवरच्या गप्पांना कान लावून शब्द गोळा करत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ती तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. ही आता आपल्याशी कधी बोलायची नाही, असं त्याला वाटलं.

माइक ठेवून तो खाली उतरला. एका जागी उभं राहणं त्याला तसंही जमत नसे. पहिल्या रांगेतला एक मुलगा सारखा पाय हलवत होता. ड्रायव्हर त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि जखमी माणसाला स्ट्रेचरवर घेताना बोलतो तसं हळू बोलू लागला.

“नाव काय, बाळा?”

मुलाने हसत सांगितलं.

“घरी कुणाला कळवू?”

“आईला.”

“नंबर सांग.”

मुलाचा हात खिशाकडे गेला.

“फोन फुटलाय,” ड्रायव्हर म्हणाला.

मुलाचा पाय थांबला. मागची कुजबुजही विरत गेली. ड्रायव्हरने फार काही सांगितलं नाही. तुमच्याएवढी पोरं आईचं नाव सांगतात, घराचा रंग सांगतात, कुत्र्याचं नावसुद्धा सांगतात, पण नंबर येत नाही. मग आम्ही नुसतं हो हो म्हणत राहतो, एवढंच तो बोलला. गाडी हळू चालवा हे सांगायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत ती उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली. मैत्रिणी वळून बघू लागल्या. “माझा नंबर तुला पाठ आहे?”

फोनवर ‘चिऊ’ दाबलं की ती बोलते, एवढंच त्याला माहीत होतं. हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

“नाही,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. ती रांगेतून वाट काढत त्याच्यापाशी आली आणि त्याच्या कानात एकेक आकडा सांगू लागली. तो पुटपुटत तिच्यामागून म्हणत गेला. मधेच चुकला.

“पहिल्यापासून,” ती म्हणाली.

भरल्या सभागृहात, डोळे मिटून, त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.