वाकड्या भिंतींचा ओळंबा

मित्रांनो, दोरीला लटकणे आणि शांत होणे, एवढेच मला येते. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दिसायला मोठ्या भोवऱ्यासारखा, खाली टोक, वर दोरी ओवायला भोक. भिंतीच्या कडेने मला सोडतात. मी थोडा झुलतो, मग स्थिर होतो, आणि भिंत सरळ आहे की नाही ते सगळ्यांना दिसते. मी तोंडातून शब्द काढत नाही. तरी माझ्यावरून पुष्कळ भांडणे झाली आहेत.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, निवल्यावर लेथवर चढवून कातले. लेथवरच्या कारागिराची मुलगी एका तरुण इंजिनिअरला दिली होती. सासरा जावयाला घड्याळ देतो, अंगठी देतो. याने मला दिले. "घड्याळ मागेपुढे होतं, जावईबापू. हा होत नाही," तो म्हणाला. जावयाने हसून मला खिशात टाकले आणि पुढची कितीतरी वर्षे मी त्या खिशात काढली.

तो पूल बांधायचा. नदीतून खांब वर येऊ लागला की मला सोडून बघायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र रंग घेऊन बसायचा आणि लेकीसाठी पुठ्ठ्याची घरे, राजवाडे करायचा. लेक मला दोरीला धरून घरभर नाचवायची. "अगं, ते खेळणं नाही," बायको ओरडायची. "मग बाबा रोज का खेळतात?" लेक विचारायची.

मग त्या देशातली कामे बंद पडली. आमच्या पुलाचे खांब नदीत उभे राहिले, वरचा रस्ता आलाच नाही. पगार थांबले, नंतर कचेरीलाच कुलूप लागले. माझ्या माणसाने बॅग भरली. "स्थिरस्थावर झालो की लगेच बोलावतो," तो बायकोला म्हणाला. निघणारे सगळेच असे म्हणतात.

नव्या देशाचा नियम असा होता. ज्याची नोकरी कायम, त्यालाच बायकामुले बोलावता येत. आणि मूल अठरा वर्षांचे व्हायच्या आत. अठरा पूर्ण झाली की ते मूल नव्हे, परका माणूस. त्याने आपले आपण बघावे. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. इथून पुढे त्याने जे जे केले, ते सगळे या एका गोष्टीसाठी केले.

त्याची पदवी तिथे चालली नाही. "आमच्या पुलांना आमचेच इंजिनिअर लागतात," खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली. मग आम्ही न्हाणीघरांत फरश्या बसवल्या. नंतर एका चित्रसंग्रहालयात चित्रे टांगली. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके काम. पुढे एका मूर्तिकाराकडे लागलो. त्याला मागच्या दोन पायांवर उभा घोडा करायचा होता आणि घोडा दर वेळी तोंडावर पडायचा. माझ्या माणसाने आतला लोखंडी सांगाडा असा बसवला की घोडा उभा राहिला. मूर्तिकाराने त्याला मिठी मारली, चौकात घोडा बसवला, आणि काम संपले म्हणून निरोपही दिला.

मग एक सिनेमावाला भेटला. त्याला स्फोटात उडवायला एक छोटा पूल हवा होता. माझ्या माणसाने तो जीव ओतून केला. स्फोट झाला, धूर निघाला, पूल जागच्या जागी. "अरे बाबा, एवढा मजबूत कशाला बांधलास?" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "पूल आहे ना," माझा माणूस म्हणाला. तिथूनही आम्ही निघालो.

रविवारी फोन असे. "बाबा, आता तुम्ही कोण आहात?" लेक विचारायची. दर वर्षी तिचा आवाज थोडा खाली उतरत होता, खेळकरपणा कमी होत होता.

"आता सिनेमात."

"मागे फरशीवाले होतात."

पलीकडून बायको म्हणायची, "मी एकाच माणसाशी लग्न केलं होतं बाई. हे चार-पाच कोण निघाले?" ती हसायची. तोही हसायचा. फोन ठेवला की मला मुठीत घट्ट धरून बसायचा. त्याच्या तळहाताला घाम असायचा.

शेवटी आम्ही एका नाटकघराच्या कार्यशाळेत आलो. रंग, लाकूड, दोऱ्या, कप्प्या, वजने. त्याच्या दोन्ही विद्या तिथे एका छपराखाली होत्या. नेपथ्य करणाऱ्या बाई कार्यशाळेच्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. त्यांना त्याचा हात आवडला. "या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग नीट होऊ दे," त्या म्हणाल्या, "तुला कायम करते. शब्द माझा."

लेक तेव्हा अठराच्या उंबरठ्यावर होती. हे त्याने बाईंना सांगितले नाही. नोकरी हातांच्या जोरावर मिळावी, दयेवर नको, असे त्याचे म्हणणे. सांगितले असते तर बरे झाले असते.

पहिल्या प्रयोगाच्या आधी तो माळ्यावर दोऱ्या ओढण्यात गुंतला होता. खाली रंगमंचावर घर उभे राहत होते, ते त्याने पाहिले नव्हते. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो खाली उतरला आणि जागीच थांबला. दार कललेले. खिडकी कललेली. भिंती आत झुकलेल्या, जणू आता पडतील. त्याने लगेच ताडले: सुतारांनी घाईत सगळे वाकडे बसवले, आणि बोट कुणाकडे दाखवतील? नव्या माणसाकडे. बाहेरून आलेल्याकडे.

त्याने मला खिशातून काढले. दाराशी सोडले, खिडकीशी सोडले. पाचरी ठोकल्या, खिळे उपटले, पुन्हा मारले. सदरा घामाने अंगाला चिकटला. तोंडाने सारखे पुटपुटत होता, "होतंय, होतंय." मंडळी हात पुसत परतली तेव्हा सगळे घर मला समांतर उभे होते.

बाई चौकटीपाशी गेल्या.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारले.

"मी," तो म्हणाला. चेहरा उजळला होता बिचाऱ्याचा. "सगळं वाकडं झालं होतं, बाई. सरळ करून टाकलं."

"वाकडं झालं नव्हतं! वाकडं केलं होतं!" बाईंचा आवाज फाटला. "एकेका कोनासाठी मी डोळे फोडलेत!"

म्हातारे सुतारकाका खाली बसलेच. "इंजिनिअरसाहेब, त्या नाटकातली आई या भिंतींनी वेडी होते. आता तिनं कशानं वेडं व्हायचं?"

"यांच्याकडे बघून," कुणीतरी म्हणाले. कोणी हसले नाही.

पडदा संध्याकाळी उघडायचा होता आणि कोनांच्या सगळ्या खुणा त्याने ठोकाठोकीत घालवल्या होत्या. तेव्हा मलाच पुन्हा बाहेर काढले. मला चौकटीच्या वरच्या टोकाला बांधायचे आणि चौकटीचा पाय माझ्या टोकापासून किती दूर हवा ते बाईंनी चित्रातून सांगायचे. "चार बोटं. अजून थोडं. बस." वाकडे करायलाही सरळ दोरी लागते, हे मला त्या दिवशी कळले. सुतारकाका ठोकत होते, तो धरत होता, बाहेर लोक खुर्च्यांवर येऊन बसत होते.

पडदा उशिरा उघडला. नाटक मात्र चांगले झाले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्याने बाईंना लेकीचे सांगितले. बोलताना त्याने त्यांची बाही धरली होती. एवढा मोठा माणूस, पण बाही सोडेना.

"अरे, हे आधी नाही का सांगायचंस?" बाई म्हणाल्या. त्या लगेच वरच्या मजल्यावर, मालकांकडे गेल्या. खाली आल्या त्या त्याच्याकडे न बघता. "उशीर झाला म्हणून चिडलेत. पुढच्या हंगामात बघू म्हणतात."

पुढचा हंगाम आला. नोकरी कायम झाली. मधल्या काळात लेकीचा अठरावा वाढदिवस येऊन गेला होता.

रविवारच्या फोनवर बायको म्हणाली, "तिला टाकून मी येऊ? वेड लागलंय का तुम्हाला?"

मागून लेकीचा आवाज आला. "बाबा, आईला घेऊन जा. मी मोठी झालेय असं तुमचं सरकारच म्हणतंय."

"तू गप्प बस गं."

"आई, तू गप्प बस. एवढी वर्षं एकेकट्यानं काढलीत दोघांनी. आता माझी पाळी."

फोन कानाला तसाच लावून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

बायको आली. तो फलाटावर उभा होता आणि मी त्याच्या खिशात. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली. मग तिच्या मागे बघितले. तिथे कोणी नसणार हे माहीत असूनही बघितले.

"कशी आहे?" त्याने विचारले.

"तिनंच गाडीत बसवून दिलं मला. डबा दिला, पाण्याची बाटली दिली. खिडकीशी उभी राहिली." बायकोने पदराने तोंड पुसले. "रडली नाही हो. एक टिपूस नाही. म्हणूनच जीव खालीवर होतोय माझा."

मित्रांनो, आता तो नाटकघरातला नावाजलेला माणूस आहे. वाकड्या भिंती कराव्यात तर त्यानेच, असे म्हणतात. सरळ रेघेसाठी त्याच्याकडे लाल उजेडाचे यंत्र आले आहे आणि मी खिळ्यांच्या खणात पडून असतो. माझी काळजी करू नका. पितळ काळे पडले तरी त्याचे वजन तेवढेच राहते.

काळजी करायचीच तर तिची करा. दर रविवारी फोन लागतो आणि ती म्हणते, "मी अगदी ठीक आहे." ही दोघे खूश होऊन फोन ठेवायला जातात आणि मग ठेवत नाहीत. काही न बोलता तसेच धरून बसतात. तुमचेही कुणी दूर असेल आणि ते 'अगदी ठीक आहे' म्हणाले, तर तुम्हीही लगेच फोन ठेवू नका. जरा थांबा. पलीकडून आणखी काही येते का, ते ऐका.