पाटावरची स्टेपनी

दसऱ्याच्या पहाटे साडेपाचला भिमाजींनी फियाटच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर झेंडूची नि आपट्याच्या पानांची माळ चढवली आणि इंदिरानगरच्या झोपलेल्या गल्लीत असा काही हॉर्न वाजवला की समोरच्या बंगल्यातला कुत्राही सणाला जागा झाला.

"अण्णा, ठमी उठेल ना!" सरिता मागच्या सीटवरून कुजबुजली. तिच्या मांडीवर नऊ महिन्यांची ठमी मूठ तोंडात घालून निजली होती.

"उठू दे की. आजोबाचं सीमोल्लंघन आहे, झोपून कसं चालेल?"

भिमाजींनी सातपूरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं टर्नरचं काम केलं. मुंबई-आग्रा रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज तो ओलांडून कामावर जायचं आणि रोज ओलांडून घरी यायचं. मुंबई बघून झाली होती. आग्रा मात्र पाटीवरच राहिलं होतं. "ज्या रस्त्याच्या काठानं जन्म गेला, त्याचं दुसरं टोक एकदा बघू द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि तेसुद्धा स्वतःच्या गाडीनं.

खरी मेख इथंच होती. पुण्याहून सणाला आलेला मुलगा हर्षल आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता, "अण्णा, अडतीस वर्षांची गाडी, एकाहत्तर वर्षांचा चालक. बेरीज करून बघा. द्या आता काढून ती."

भिमाजींनी पुरणपोळीचा घास तसाच हातात धरला. "ठीक. उद्या दिवस मावळायच्या आत गाडी राज्याची सीमा ओलांडते की नाही बघ. ओलांडली तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. नाही ओलांडली, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देतो. मग भंगारात घाल, नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळ."

सरिता ठमीला वरणभात भरवत होती. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी हर्षलला पुण्यात बसून दिसत नव्हती. गेल्या दिवाळीपासून अण्णा जिना एकेक पायरी करून चढायचे, आधी उजवा पाय, मग डावा. आणि फियाटचा क्लच डाव्या पायाला असतो.

"पोचल्या-पोचल्या फोन करा," आई फाटकातून म्हणाली. तिची कंबर त्या सीटवर टिकणारी नव्हती, म्हणून ती घरी राहत होती. "आणि पोरीलाही जरा चालवू द्या. शिकवली कशाला मग?"

"तिला बाळ सांभाळू दे," भिमाजी म्हणाले आणि चार लिंबांचा चेंदा करून निघाले.

शिकवली होती खरी. एकोणिसाव्या वर्षी, त्र्यंबकच्या रस्त्यावर, दर रविवारी. स्टिअरिंगशेजारचा तो लांब दांड्याचा गियर तिच्या हातात इतका बसला होता की अण्णा कौतुकानं गप्प व्हायचे. मग लग्न झालं, मग ठमी. आता सरिताचा प्रवास म्हणजे पाळण्यापासून गॅलरीपर्यंत. नवरा जीवन परवा इंदूरला येऊन मिळणार होता. तोवर ही मागची सीट, खिडकीतून येणारा गार वारा आणि मांडीवरचं ऊबदार ओझं. चांदवड मागे पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण तासभर कशाचीही काळजी केलेली नाही.

मालेगाव ओलांडून झोडग्याच्या अलीकडे डाव्या मागच्या चाकानं जीव सोडला. गाडी लंगडत कडेला आली.

"पंक्चर," भिमाजी अगदी खुशीत म्हणाले. "दहा मिनिटांचं काम." बाह्या सारून त्यांनी डिकी उघडली आणि तसेच उभे राहिले.

बराच वेळ काही आवाज येईना, तशी सरिता ठमीला कडेवर घेऊन मागे गेली. डिकीत चिवड्याचा डबा होता, लंगोटांचं गाठोडं होतं, पाण्याचा कॅन होता. स्टेपनी नव्हती. जॅक नव्हता. पान्हेही नव्हते.

"अण्णा?"

"काल खंडेनवमी होती," भिमाजी हळू आवाजात म्हणाले.

सरिताच्या डोळ्यांपुढे घरातली बैठकीची खोली उभी राहिली. पाटावर लाल कापड, त्यावर मधोमध स्टेपनी, भोवती जॅक आणि पान्हे, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. दरवर्षी नवमीला अण्णा हत्यारं पूजायचे. दसऱ्याला सावकाश अंघोळ-बिंघोळ झाली की ते ती जागच्या जागी ठेवायचे. यंदा दसऱ्याला पहाटेच निघायचं होतं.

"म्हणजे स्टेपनी..."

"पाटावर आहे." भिमाजींनी डिकीचं झाकण लावलं. "हसू नकोस."

पण ती हसलीच. ठमीला काय कळलं कोण जाणे, तीही आपले दोन दात काढून हसली. भिमाजींनी दोघींकडे बघितलं आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "हर्षाला सांगू नकोस हां, सरे."

थोडं पुढं पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या माणसानं जॅक आणला, चाक काढलं आणि मान हलवली. टायर कडेनं फाटला होता. या मापाचा टायर आता कोण ठेवणार? त्यानं मालेगावात एकाला फोन लावला. तीनेक तासांनी रिक्षातून एक पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. मांडीवर लेकरू घ्यावं तसं त्यानं फियाटचं चाक घेतलं होतं.

"सलाउद्दीन," त्यानं नाव सांगितलं आणि भिमाजींच्या आधी गाडीलाच नमस्कार केल्यासारखा बॉनेटवर हात फिरवला. "काय ठेवलीय काका! माझी तर घरामागं विटांवर उभी. तिचंच आणलं हे. टायर मागच्याच साली टाकलेला, चालायची संधी नाही भेटली बिचाऱ्याला."

"स्टेपनी घरी राहिली," भिमाजी ओशाळून म्हणाले. "पूजेला मांडलेली."

सलाउद्दीननं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे खुदा घरी ठेवला आन् तुम्ही सफरीला निघाले!" तो असा खदखदून हसला की पंक्चरवाल्यानंही पान्हा खाली ठेवला.

चाक बसलं. भिमाजींनी खिशात हात घातला, तसा सलाउद्दीननं तो हात धरला. "विकत नाही. उधार आहे. परत येताना माझं चाक माझ्या दारात आणून द्यायचं. गाडीला लावूनच आणायचं, टेम्पोत टाकून नाही."

भिमाजींनी माळेतली आपट्याची दोन पानं तोडून त्याच्या हातात ठेवली. "सोनं घ्या."

"घेतलं. ऊन लय आहे, काका. पुढं चढावर इंजिनातला पेट्रोलचा पंप तापला की बंद पडणार ही. ओला कपडा ठेवा त्याच्यावर."

धुळ्यात जेवायला थांबले तेव्हा दोन वाजून गेले होते. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. शिरपूरच्या पुढं रस्त्याचं काम निघालं होतं. मालट्रकांची रांग हात-हात सरकायची, थांबायची. भिमाजी क्लच दाबत होते, सोडत होते. सरिता आरशातून त्यांचा चेहरा बघत होती. प्रत्येक वेळी ओठ थोडे जास्त घट्ट मिटायचे.

रांग सुटली आणि थोड्याच वेळात इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं.

भिमाजींनी बॉनेट उचललं. "तापला पंप. कपडा दे."

सरितानं गाठोड्यातून ठमीचा धुतलेला लंगोट काढला, कॅनमधल्या पाण्यात बुडवला आणि पंपावर पसरला. वाफ उठली. पिवळ्या बदकांची नक्षी असलेला तो लंगोट इंजिनाच्या मधोमध असा ऐटीत बसला, जणू कंपनीनंच दिला होता.

दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर इंजिन लागलं. पण गाडी जागची हलेना. भिमाजी डाव्या पायाकडे बघत बसले होते.

"अण्णा, दुखतंय?"

"दुखत नाही." मग गुडघा चोळत म्हणाले, "वाकतच नाहीये."

डाव्या हाताच्या डोंगरावर सूर्य टेकायला आला होता. सीमा अजून दहा किलोमीटर लांब. सरिता दार उघडून उतरली, ड्रायव्हरच्या दाराशी आली आणि ठमीला पुढं केलं.

भिमाजींनी नातीकडे बघितलं, स्टिअरिंगकडे बघितलं. या सीटवर आजवर दुसऱ्या कुणाला बसवून ते मागं बसले नव्हते. तिला शिकवतानासुद्धा शेजारीच असायचे, हात हँडब्रेकवर ठेवून.

"पहिला गियर टाकताना दांडा आधी तुझ्याकडं ओढ," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी ठमीला घेतलं.

"आठवतं मला."

"आणि हॉर्न जरा उजवीकडं दाबावा लागतो."

"अण्णा, मागं बसा."

दांडा हातात आला आणि सरिताच्या मनगटाला सगळं आठवलं. गाडी आधी एक हिसका देऊन हलली, मग सरळ झाली. मागून सूचना येत राहिल्या, आधी दर वळणाला, मग दर दोन वळणांना. मग मागून फक्त गाण्यासारखं काहीतरी पुटपुटणं येऊ लागलं, आणि ठमीचं हुंकार देणं. पळासनेर गेलं. उजेड तांबूस झाला. मध्य प्रदेशात स्वागत करणारी मोठी कमान आली, तेव्हा सूर्याची एक कड अजून डोंगरावर शिल्लक होती.

सरितानं कमानीखालून जाताना उगाचच हॉर्न वाजवला. जरा उजवीकडं दाबून.

कडेला गाडी लावून भिमाजींनी व्हिडिओ कॉल लावला. हर्षल घरी बैठकीतच बसलेला दिसला. "ओलांडली!" भिमाजी म्हणाले. "बघ, कमान बघ. सूर्य बघ."

"बघितलं. चालवत कोण होतं?"

"सरू," भिमाजी म्हणाले. "माझ्यापेक्षा बरी चालवते. करार गाडीचा होता, चालकाचा नव्हता."

हर्षल हसला. मग त्यानं फोन फिरवला. पाटावर स्टेपनी जशीच्या तशी होती, फक्त फुलं ताजी होती. "कालची सुकली होती, बदलली मी."

"तुला माहीत होतं?" सरिता ओरडली. "मग फोन का नाही केलास?"

"दुपारी दिसली. सांगितलं असतं तर अण्णा परत फिरले असते." त्यानं पाटावरचं एक फूल सारखं केलं. "आणि मला गाडी कोंबड्यांना द्यायची नव्हती गं."

भिमाजींनी फोन ठेवला आणि मागच्या दाराकडे निघाले, एकेक पाऊल सावकाश टाकत. किल्ली त्यांनी मागितली नाही.

सरितानं बॉनेटखालचा लंगोट काढला, पिळला आणि वाळायला आरशाला बांधला. हाताला पेट्रोलचा वास येत होता आणि दुधाचा. सेंधव्याच्या दिशेनं गाडी घाटात शिरली, तेव्हा पिवळी बदकं वाऱ्यावर फडफडत होती आणि मागच्या सीटवर आजोबा-नात दोघंही तोंड उघडं टाकून झोपले होते.